बेथोवनच्या पलीकडची माणसं

प्रश्न एका आईचा आहे. मुलगा सातवीत, जन्मापासून ऐकू येत नाही, दोन्ही कानांना मशीन, थोडं बोलतो, थोडं खुणांनी सांगतो. शाळेने ‘प्रसिद्ध कर्णबधिर व्यक्ती आणि त्यांचं समाजाला योगदान’ असा प्रकल्प दिला आहे, वर्गासमोर सांगायचाही आहे. आईला शोधून तीनच नावं मिळाली: बेथोवन, एडिसन, हेलन केलर. मुलाने ती वाचली आणि विचारलं, “यात माझ्यासारखं कोण आहे?” आई विचारते, आणखी कोण आहेत, त्यांनी नेमकं काय केलं, आणि त्यांना ते जमलं कसं?

ताई, तुमच्या मुलाने अगदी वर्मावर बोट ठेवलं आहे. मी बरीच वर्षं कर्णबधिर मुलांना शिकवते आहे आणि पाठ्यपुस्तकांत, भिंतीवरच्या तक्त्यांत हीच तीन नावं पाहत आले आहे. माणसं थोर आहेत, पण त्यांची वाट तुमच्या मुलाची नाही. बेथोवनचे कान विशी संपता संपता बिघडू लागले. तोवर तो व्हिएन्नातला नावाजलेला पियानोवादक झाला होता आणि सगळं संगीत डोक्यात मुरलेलं होतं. १८०२ साली त्याने भावांना लिहिलेलं पत्र वाचलं की कळतं, बहिरेपण लोकांपासून लपवताना त्याचा जीव किती कोंडला होता. पुढे लोक त्याच्याशी वहीत लिहून बोलत, आणि त्या वह्यांमुळेच आज त्याच्या घरातल्या गप्पा आपल्याला वाचता येतात. एडिसनला लहानपणापासून कमी ऐकू येई, तरी भाषा त्याच्यापर्यंत कानांवाटेच पोहोचली. हेलन केलरला दिसणंही बंद झालं होतं, तिचा प्रवास त्याहून निराळा. ती १९५५ साली भारतात येऊन गेली, एवढं प्रकल्पात जरूर लिहा.

आमच्या क्षेत्रात कुठल्याही मुलाची फाइल उघडली की आधी दोन गोष्टी बघतात. कान कधी गेले, भाषा येण्याआधी की नंतर? आणि पहिली भाषा त्याला कुणी दिली, कशी दिली? प्रसिद्ध माणसांकडेही मी याच नजरेने बघते. मग नावांची यादी पार बदलते आणि ‘जमलं कसं’ याचं उत्तरही तिथेच मिळायला लागतं.

माझं सगळ्यात लाडकं नाव जॉन गुडरिक. जन्म १७६४ चा. अगदी लहानपणी आजारात ऐकणं गेलं, म्हणजे तुमच्या मुलाच्या बराच जवळचा. कुटुंब इंग्लंडमधल्या यॉर्कच्या बाजूचं, खाऊनपिऊन सुखी. त्यांनी मुलाला एडिंबरोला थॉमस ब्रेडवुडच्या शाळेत घातलं. ब्रिटनमधली कर्णबधिर मुलांची ही पहिली शाळा. तिथे बोलणं, लिहिणं, हाताच्या खुणा असं जे उपयोगी पडेल ते सगळं वापरत. तिथून चौदाव्या वर्षी तो ऐकणाऱ्या मुलांच्या वॉरिंग्टन अकॅडमीत गेला आणि गणितात रमला. घरी परतल्यावर शेजारी भेटला एडवर्ड पिगट, आकाशनिरीक्षणाचं वेड असलेला तरुण. दोघांची जोडी जमली.

१२ नोव्हेंबर १७८२ च्या रात्री अठरा वर्षांच्या गुडरिकला दिसलं की ययाती तारकासमूहातला अल्गोल नेहमीपेक्षा फिका पडला आहे. काही तासांत तो पुन्हा होता तसा झाला. हा तारा कधीकधी मंदावतो हे त्याआधीही काहींनी नोंदवलं होतं. गुडरिकने मात्र पिच्छाच पुरवला. आजूबाजूच्या ताऱ्यांशी तुलना करायची, नोंद करायची, पुढच्या स्वच्छ रात्रीची वाट बघायची. त्याच्या हाती जे लागलं ते अचूक होतं: अल्गोल दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंदावतो. कारण म्हणून त्याने दोन शक्यता मांडल्या. एक तर ताऱ्यावर डाग असावेत, नाहीतर एखादी काळोखी वस्तू त्याच्याभोवती फिरत मध्ये येत असावी. दुसरी शक्यता खरी होती आणि वर्णपटाच्या, म्हणजे ताऱ्याच्या प्रकाशातल्या रंगपट्ट्याच्या, साहाय्याने ती सिद्ध व्हायला १८८९ साल उजाडलं. रॉयल सोसायटीने त्याला १७८३ सालचं कोपली पदक दिलं. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. १७८४ मध्ये त्याने वृषपर्वा (इंग्रजीत सिफियस) तारकासमूहातल्या डेल्टा ताऱ्याचं तेज कमी-जास्त होतं हे शोधलं. एप्रिल १७८६ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला सदस्य निवडलं आणि त्यानंतर चारच दिवसांनी तो वारला. वय एकवीस.

वर्गात हे शिकवताना मी टॉर्च आणि चेंडू घेते. खोली अंधारी करायची, एकाने टॉर्च धरायची, दुसऱ्याने चेंडू दोरीला बांधून तिच्याभोवती फिरवायचा, बाकीच्यांनी समोर बसून प्रकाश कधी कमी होतो ते बोटांवर मोजायचं. एक शब्दही लागत नाही. मुलं मोजायला लागली की त्यांना गुडरिक समजला. मग हमखास एक प्रश्न येतो, “तो हातांनी बोलायचा का?” आणि दुसरा, “त्याचा मित्र ऐकणारा होता, मग ते दोघं गप्पा कसे मारायचे?” हे प्रश्न आपल्याला वाटतात त्याहून महत्त्वाचे आहेत, कारण मुलाला शोधाइतकाच त्या माणसाचा रोजचा दिवस बघायचा असतो. डिसेंबर-जानेवारीत रात्री आठ-नऊला गच्चीवर जा, ययाती डोक्यावरच असतो. दुर्बीण लागत नाही. अल्गोल मंदावण्याच्या वेळा पंचांगासारख्या आधी काढता येतात. मुलाला स्वतः एकदा बघू दे.

गुडरिकच्या डेल्टा ताऱ्याची गोष्ट तिथेच संपत नाही. तशा प्रकारच्या ताऱ्यांना त्या सिफियस तारकासमूहाच्या नावावरून सेफीड म्हणतात. सव्वाशे वर्षांनी अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत हेन्रिएटा लेव्हिट नावाची बाई काचेच्या छायाचित्रपट्ट्या भिंगाखाली घेऊन असे तारे हुडकत होती. पदवी घेतल्यानंतरच्या वर्षांत तिचं ऐकणं कमी कमी होत गेलं होतं. लहान मॅगेलानी मेघ या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतल्या पंचवीस ताऱ्यांवरून तिने १९१२ साली दाखवलं की सेफीडचा आवर्तकाळ, म्हणजे तेज कमी-जास्त होण्याच्या एका फेरीला लागणारा वेळ, जितका मोठा, तितकं त्याचं खरं तेज जास्त. म्हणजे आवर्तकाळ मोजला की खरं तेज कळलं, आणि खरं तेज कळलं की अंतर काढता येतं. १९२३ मध्ये एडविन हबलला देवयानी दीर्घिकेत असाच एक तारा सापडला. देवयानी आपल्या आकाशगंगेच्या बाहेर, खूप लांब आहे, हे त्यावरून ठरलं. लेव्हिटच्या शेजारी काम करणारी ॲनी जंप कॅनन हिलाही फारसं ऐकू येत नसे. तिने साडेतीन लाखांच्या आसपास तारे वर्णपटावरून वर्गात लावले. ओ, बी, ए, एफ, जी, के, एम ही ताऱ्यांची वर्गवारी अकरावी-बारावीची मुलं पाठ करतात, ती तिने लावून दिलेली. विश्व केवढं आहे हे मोजण्याच्या कामात एक पूर्ण कर्णबधिर मुलगा आणि दोन कमी ऐकू येणाऱ्या बायका अशा पाठोपाठ आल्या. तुमच्या मुलाला एकच विषय घ्यायचा असेल तर मी हाच घ्यायला सांगेन.

आता दुसरी वाट. ही शास्त्राची नाही, भाषेची आहे, आणि माझ्या मते कर्णबधिर समाजाचं जगाला दिलेलं सगळ्यात मोठं देणं हेच आहे.

पॅरिसमध्ये अबे द लेपे या पाद्र्याने १७६० च्या सुमारास कर्णबधिर मुलांसाठी शाळा काढली. तो ऐकणारा. पण शहरातले बहिरे लोक आपसांत ज्या खुणा करत, त्याच धरून त्याने शिकवायला सुरुवात केली, आणि मुलं लिहू-वाचू लागली. त्या परंपरेत जाँ मासियू तयार झाला. खेड्यातला मेंढपाळाचं काम केलेला पोरगा, सहा भावंडं आणि सहाही बहिरी. तो त्याच शाळेत शिक्षक झाला. जाहीर प्रात्यक्षिकांत लोक त्याला अवघड प्रश्न विचारत. कृतज्ञता म्हणजे काय, यावर त्याने दिलेलं उत्तर फ्रेंचमध्ये म्हणीसारखं रूढ आहे: हृदयाची स्मरणशक्ती. बहिऱ्यांना अमूर्त विचार करता येत नाही असं मानणाऱ्या जमान्यात फळ्यावर लिहिलेलं हे उत्तर आहे.

मासियूचा विद्यार्थी लॉरां क्लेर, तोही बहिरा. जन्म १७८५, लियाँजवळच्या एका गावात. वर्षाचा असताना विस्तवात पडला, उजव्या गालावर व्रण राहिला. खुणांच्या भाषेत प्रत्येकाला एक खूण-नाव असतं आणि ते आपलं आपण घ्यायचं नसतं, बहिऱ्या मंडळींनी द्यायचं असतं. क्लेरचं खूण-नाव म्हणजे तर्जनी आणि मधलं बोट जोडून गालावरून खाली ओढायची. दोनशे वर्षांनंतर आजही अमेरिकेतली मुलं क्लेरचा उल्लेख याच खुणेने करतात. आमच्या वर्गातही कुणाला कपाळावरच्या तिळाचं नाव मिळतं, कुणाला कुरळ्या केसांचं. क्लेरची गोष्ट सांगितली की मुलं आपापली खूण-नावं नव्याने मिरवतात.

१८१६ साली क्लेर अमेरिकेला निघाला तो थॉमस गॅलोडेट या ऐकणाऱ्या गृहस्थाच्या बोलावण्यावरून. गॅलोडेटच्या शेजारची ॲलिस ही मुलगी बहिरी होती, तिच्यासाठी शाळा काढायची होती आणि ती कशी चालवतात हे बघायला तो युरोपात आला होता. परतीचा समुद्रप्रवास बावन्न दिवसांचा झाला. त्या काळात क्लेरने त्याला खुणा शिकवल्या आणि गॅलोडेटने क्लेरला इंग्रजी. १५ एप्रिल १८१७ रोजी कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डला शाळा सुरू झाली, पहिल्या दिवशी मुलं सात. क्लेर तिथे चाळीस वर्षांहून अधिक शिकवत राहिला. त्याचे विद्यार्थी शिक्षक होऊन देशभर पांगले, गावोगावच्या खुणा त्यांत मिसळल्या आणि आजची अमेरिकन सांकेतिक भाषा घडली. त्यामुळेच अमेरिका आणि इंग्लंडमध्ये बोलायची भाषा इंग्रजी असली तरी दोघांच्या सांकेतिक भाषा एकमेकांना समजत नाहीत. अमेरिकेची फ्रान्सच्या नात्यातली आहे.

हे सगळं चालू असताना घाव बसला तो १८८० च्या सप्टेंबरात. मिलान शहरात कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. १६४ प्रतिनिधींमध्ये बहिरा माणूस एकच. ठराव झाला की मुलांना फक्त बोलायला शिकवावं, खुणा बंद. युरोप-अमेरिकेतल्या शाळांतून बहिऱ्या शिक्षकांना काढलं गेलं, मुलांचे हात धरून ठेवले गेले. आपल्याकडच्या शाळा त्याच सुमारास सुरू होत होत्या. मुंबईत माझगावला १८८० च्या दशकात देशातली पहिली शाळा निघाली. साहजिकच बोलण्यावरच भर देणारी पद्धत आपल्याकडे रुळली आणि फार काळ टिकली. वर्गात उच्चार घोटवायचे आणि वसतिगृहात दिवे जाईपर्यंत मुलांचे हात चालू, असं दृश्य माझ्या पिढीतल्या प्रत्येक शिक्षकाने पाहिलं आहे. भाषा जगली ती वसतिगृहांत, रेल्वेच्या फलाटांवर, बहिऱ्या मंडळींच्या क्लबांत.

बोलायला शिकवू नये असं मी मुळीच म्हणत नाही. माझे कित्येक विद्यार्थी छान बोलतात, मशीनचा आणि कॉक्लिअर इम्प्लांटचा (शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या यंत्राचा) त्यांना चांगला उपयोग झाला आहे. पण फक्त ओठांवर मुलाला सोडू नये. आरशासमोर उभं राहून, आवाज न काढता ‘पान’, ‘बाण’, ‘मान’ म्हणून बघा. तिन्ही वेळा ओठ सारखेच हलतील. तुमचा मुलगा दिवसभर हेच कोडं सोडवतो आणि उरलेल्या वेळात भूगोल शिकतो. मिलानच्या ठरावातून मुलांची जी वर्षं गेली ती अशी गेली. २०१० साली व्हँकुव्हरच्या परिषदेने तो ठराव अधिकृतपणे नाकारला आणि त्याच्या परिणामांबद्दल खेद व्यक्त केला.

खुणा म्हणजे हातवारे, भाषा नव्हे, हा समज मोडण्याचं श्रेय विल्यम स्टोकी या ऐकणाऱ्या प्राध्यापकाला दिलं जातं आणि ते योग्यच आहे. पण १९६५ साली अमेरिकन सांकेतिक भाषेचा जो शास्त्रशुद्ध शब्दकोश निघाला त्यावर तीन नावं आहेत. बाकीचे दोघं, डोरोथी कॅस्टरलाइन आणि कार्ल क्रोनेबर्ग, बहिरे होते. स्टोकीला ही भाषा मोठेपणी शिकावी लागली होती, ते दोघं मात्र रोज तिच्यात जगत होते. त्यांची नावं फार थोड्यांना माहीत आहेत, म्हणून मुद्दाम सांगते.

फोनची हकिगत मुलांना फार आवडते. ग्रॅहम बेलची आई बहिरी, बायको मेबलही बहिरी. मेबलने स्वतःचा पैसा घालून विमानांचे प्रयोग करणारी संस्था उभी केली आणि त्याच संस्थेच्या विमानाने १९०९ साली कॅनडात पहिलं उड्डाण केलं. खुद्द बेल मात्र खुणांच्या विरोधात राहिला. त्याच्या फोनने १८७६ नंतर जग जवळ आणलं आणि बहिरी माणसं बाहेर राहिली. जागेची चौकशी करायची तर शेजाऱ्याला विनवायचं, मुलाला ताप आला तर डॉक्टरकडे चालत जायचं. १९६४ साली रॉबर्ट वाइटब्रेख्ट या बहिऱ्या भौतिकशास्त्रज्ञाने एक जोडणी तयार केली. फोनचा रिसीव्हर तिच्यावर ठेवायचा, टाइप केलेली अक्षरं सुरांत बदलून तारेतून जायची आणि पलीकडच्या यंत्रावर पुन्हा अक्षरं छापली जायची. जेम्स मार्स्टर्स हा दातांचा डॉक्टर आणि अँड्र्यू सॅक्स, दोघंही बहिरे, त्याच्या जोडीला होते. तार कंपन्यांनी मोडीत काढलेली अवजड टेलिप्रिंटर यंत्रं गोळा करायची, तळघरांत दुरुस्त करायची आणि घरोघरी पोहोचवायची, हे काम पुढे बहिऱ्या स्वयंसेवकांनीच केलं. घंटीऐवजी दिवा लुकलुकायचा.

क्लेरच्या शाळेच्या परंपरेतून वॉशिंग्टनला जे कॉलेज उभं राहिलं त्याला पदव्या देण्याचा अधिकार १८६४ साली अब्राहम लिंकनच्या सहीने मिळाला. तेच आजचं गॅलोडेट विद्यापीठ. तिथे १२४ वर्षं सगळे अध्यक्ष ऐकणारे. मार्च १९८८ मध्ये तीन उमेदवारांपैकी दोन बहिरे असूनही नियामक मंडळाने तिसऱ्या, ऐकणाऱ्या बाईंना निवडलं आणि विद्यार्थ्यांनी फाटकं बंद केली. आठवडाभर विद्यापीठ ठप्प. मागण्या चार: अध्यक्ष बहिरा हवा, मंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा द्यावा, मंडळात बहुमत बहिऱ्यांचं हवं, आंदोलकांवर कारवाई नको. चारही मान्य झाल्या. किंग जॉर्डन पहिले बहिरे अध्यक्ष झाले.

त्याच विद्यापीठातून १९५४ साली पदवी घेणारा अँड्र्यू फॉस्टर हा तिथला पहिला कृष्णवर्णीय पदवीधर. अकराव्या वर्षी मेनिंजायटिसने (मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या आजाराने) ऐकणं गेलं होतं. १९५७ मध्ये तो घानाला गेला, पहिली शाळा काढली, आणि १९८७ साली विमान अपघातात जाईपर्यंत आफ्रिकेतल्या निरनिराळ्या देशांत तीसच्या वर शाळा उभ्या केल्या. आफ्रिकेतल्या बहिऱ्या मंडळींमध्ये त्याचं नाव आपल्याकडे महात्मा फुल्यांचं घेतात तसं घेतलं जातं.

रसायनशास्त्रात जॉन कॉर्नफोर्थ. ऑस्ट्रेलियात जन्म, दहाव्या वर्षापासून ऐकणं घटत गेलं, विशीत पूर्ण बंद. वर्गातली व्याख्यानं ऐकू येईनात म्हणून ग्रंथालयातले मूळ शोधनिबंध वाचत शिकला. सहाध्यायी रीटा हॅरडेन्स काचकाम करण्यात तरबेज, तिने त्याचं फुटलेलं काचेचं भांडं सांधून दिलं आणि ओळख झाली. पुढे लग्न, ऑक्सफर्ड, जन्मभराचं एकत्र संशोधन. १९७५ चं नोबेल त्याला मिळालं. ‘भाषा कुणी दिली’ यासारखाच इथे ‘सोबत कुणाची होती’ हा प्रश्न विचारा.

अभिनयात १९८७ साली मार्ली मॅटलिनला आणि २०२२ साली ट्रॉय कोत्सुरला ऑस्कर मिळालं, दोघांनाही सांकेतिक भाषेतल्या भूमिकांसाठी. इव्हलिन ग्लेनी ही स्कॉटिश तालवादक अनवाणी वाजवते, कंपनं पायांना कळावीत म्हणून.

आता आपल्या देशाकडे येऊ. सतीश गुजराल यांचं नाव वर्गाला कदाचित माहीत असेल. जन्म १९२५, झेलमचा. आठव्या वर्षी काश्मीरमध्ये पाण्याच्या लोंढ्यात पडून झालेल्या अपघाताने पाय आणि कान दोन्ही गमावल्यासारखे झाले. शाळा घ्यायला तयार होत नव्हत्या, वडिलांनी घरी पुस्तकं आणून दिली. आधी लाहोर, मग १९४४ साली मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. फाळणीचे लोंढे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि त्यावरची त्यांची चित्रं आजही अंगावर येतात: गुंडाळलेली, वाकलेली माणसं, चेहरे झाकलेले. १९५२ मध्ये शिष्यवृत्तीवर मेक्सिकोला गेले, रिव्हेरा आणि सिकेरोस या भित्तिचित्रकारांच्या सहवासात शिकले. पुढे वास्तुकलेची कुठलीही पदवी नसताना त्यांनी दिल्लीतला बेल्जियमचा दूतावास उभारला. तुमचं कुणी गोव्यात असेल तर ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठ जाऊन बघा, तो परिसरही त्यांच्याच आराखड्याचा. १९९९ साली पद्मविभूषण मिळालं. मुलाला चित्रकलेची गोडी असेल तर प्रकल्पासाठी यांच्याइतकं जवळचं नाव नाही.

भारतीय सांकेतिक भाषेच्या अभ्यासात मदन वसिष्ठ यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हिमाचलातलं खेडं, अकराव्या वर्षी बहिरेपण, मग नांगर आणि गुरं. दिल्लीत छायाचित्रण शिकायला आले आणि तिथे प्रथमच बहिऱ्या लोकांची भाषा भेटली. १९६७ साली गॅलोडेटला गेले, शिकून तिथेच अध्यापन-संशोधन केलं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ते सहकाऱ्यांसह भारतात आले आणि दिल्ली, कोलकाता, मुंबई, बंगळूर अशा ठिकाणी बहिऱ्या मंडळींकडून खुणा गोळा केल्या. आढळलं असं की शब्दांत प्रांतागणिक फरक असला तरी व्याकरण देशभर एकच आहे. उदाहरणार्थ, प्रश्नाचा शब्द शेवटी येतो, ‘नाव तुझं काय’, आणि भुवया-डोळे व्याकरणाचं काम करतात. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश २०१८ मध्ये ३,००० शब्दांनी सुरू झाला आणि २०२१ मध्ये १०,००० वर गेला. त्या कामातही बहिरी मंडळी खांद्याला खांदा लावून आहेत. ही भाषा शिकवण्याची पदविका घेऊन आज बहिरे तरुण शिक्षक होतात. मला यासारखा आनंद दुसऱ्या कशाचा नाही.

खेळात वीरेंदर सिंह. हरयाणाचा मल्ल, कर्णबधिरांच्या ऑलिंपिकमध्ये २००५, २०१३ आणि २०१७ ला सुवर्ण, मध्ये २००९ ला कांस्य. नोव्हेंबर २०२१ मध्ये पद्मश्री स्वीकारली आणि लगेच पदकं घेऊन दिल्लीत हरयाणा भवनाबाहेर फुटपाथवर बसले. मागणी एकच, पॅरालिंपिकच्या खेळाडूंना जे मिळतं ते आम्हालाही द्या. मुळात कर्णबधिरांच्या जागतिक स्पर्धा १९२४ साली पॅरिसला सुरू झाल्या, पॅरालिंपिकच्या कितीतरी आधी, आणि त्या सुरू केल्या यूजेन रुबेन्स-अल्के या बहिऱ्या माणसानेच. नियम तेच, फक्त पिस्तुलाऐवजी दिव्याने शर्यत सुटते आणि मैदानावर कुणालाही मशीन लावता येत नाही. २०२२ मध्ये ब्राझीलला झालेल्या स्पर्धेत भारताने ८ सुवर्णांसह १६ पदकं आणली.

आणि अगदी ताजं नाव सारा सनी. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात, तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्यापुढच्या ऑनलाइन सुनावणीत ही बहिरी वकील सांकेतिक भाषेच्या दुभाष्यासह हजर झाली. युक्तिवाद दुभाष्यामार्फत तिच्यापर्यंत पोहोचत होता. मुलाला सांगा, ही आज काम करते आहे.

प्रकल्पाबद्दल चार व्यवहाराच्या गोष्टी. वीस नावांचा तक्ता करू नका, दोन माणसं घ्या आणि त्यांचा एकेक दिवस रंगवा. प्रत्येकाच्या नावाखाली तीन ओळी हव्यात: कान कधी गेले, भाषा कुणाकडून मिळाली, सोबत कोण होतं. तुमच्या गावात किंवा तालुक्याला एखादा बहिरा शिंपी, छायाचित्रकार, बँकेतला कर्मचारी असेलच. मुलाला घेऊन त्याला भेटा आणि त्यालाही प्रकल्पात जागा द्या, अर्थात त्याची परवानगी घेऊन. मुलाने आजवर मोठं बहिरं माणूस जवळून पाहिलं नसेल तर या भेटीचा उपयोग प्रकल्पापेक्षाही जास्त होईल. कितीतरी मुलांना आपण मोठे होऊन कसे दिसू याचा अंदाजच नसतो, कारण अवतीभवती सगळे ऐकणारे.

सांगायच्या दिवशी त्याला जी भाषा सोपी जाते तिच्यात सांगू द्या. खुणांनी सांगणार असेल तर वर्गासाठी ते मोठ्याने बोलणारं कुणीतरी शेजारी उभं करा, शाळेच्या विशेष शिक्षिका असतील तर उत्तमच. त्याच्या मागे खिडकी येऊ देऊ नका, उजेड पाठीमागून आला की हात आणि चेहरा काळा दिसतो. अंगात एकरंगी, गडद सदरा असू दे, हात उठून दिसतात. प्रश्न विचारणाऱ्या मुलांनी उभं राहून, त्याच्याकडे तोंड करून, एकेकाने विचारायचं, हे बाईंना आधीच सांगून ठेवा. आणि टॉर्च-चेंडूचा प्रयोग करणार असाल तर खोली अंधारी करण्याआधी त्याचं बोलणं पूर्ण होऊ द्या.